बास्केटबॉलची टीम कुठल्या गावाला द्यायची? तालमीवाल्यांना विचारा

एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये, दोन नव्या टीम वाढवायची चर्चा कित्येक वर्षं चालू आहे आणि दर वेळी तीच दोन नावं पुढं येतात, सिएटल आणि लास वेगास. आमच्या ग्रुपवर पण हा विषय निघाला, म्हणजे निघाला कसला, एकानं रात्री उशिरा मेसेज टाकला की "वेगासला टीम म्हणजे विषय हार्ड" आणि मग मध्यरात्र उलटून जाईपर्यंत सगळे एकमेकांची अक्कल काढत बसले. त्यातच एका दोस्तानं विचारलं, भावा ते अमेरिकेचं जाऊ दे, आपल्याकडं उद्या खरोखरची प्रोफेशनल लीग झाली तर टीम कुठं टिकंल? ग्रुपवर टाईप करून अंगठे दुखायला लागले म्हणून इथं लिहितोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

आधी गणित करू. एनबीएच्या टीमला सीझनला ८२ मॅच, त्यातल्या ४१ घरच्या. हॉल साधारण १८ हजारांचा धरा. म्हणजे सीझनला ७ लाख ३८ हजार सीटा भरायच्या, प्लेऑफ वेगळं. कोल्हापूर शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखाच्या आसपास होती, म्हणजे तान्ह्या पोरापासनं पणजीपर्यंत अख्खं गाव एकेकदा जाऊन आलं तरी पावणेदोन लाखांच्या वर सीटा रिकाम्याच. आयपीएलमध्ये घरच्या मॅच सातच, तिथं नवस फेडल्यासारखं एकदा जाऊन आलं, फोटो टाकला, झालं. बास्केटबॉलला ते चालत नाही. मंगळवारची रात्र, टीम सलग सहा मॅच हरलेली, समोरची टीम पण फालतू, अशा दिवशी खिशातले पैसे घालून कोण येतंय त्याच्यावर टीम जगते. ते लोक कुठल्या गावात आहेत एवढंच शोधायचं, बाकी लोकसंख्या, विमानतळ, कंपन्यांची ऑफिसं हे सगळं नंतर.

आणि असले लोक कसे असतात हे कोल्हापूरकराला समजवायला लागत नाही. शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सीझनमध्ये जाऊन बघा, कडक उन्हात दुपारी चारची मॅच, वर्किंग डे, आणि गॅलरीत माणसं. पाटाकडील, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, यातली बरीचशी मंडळं तालमीतनं आणि पेठेतनं उभी राहिलेली. जो माणूस तिथं बसलाय तो 'फुटबॉल बघायला' आलेला नसतोच, तो आपल्या पेठेचं काय होतंय ते बघायला आलेला असतो. त्याचा बाप त्याच मंडळाचा, काका कधीतरी गोलीला उभा राहिलेला, गल्लीतला पोरगा आज सबस्टिट्यूट आहे. आता तर आफ्रिकेतनं प्लेअर आणून खेळवतात आणि दुसऱ्या आठवड्यात ते पण पेठेचे होऊन जातात, पोरं त्यांना नावानं हाका मारत मागं फिरतात. कधीकधी भांडणं होतात, मॅच थांबते, पोलीस येतात, ते वाईटच आहे, त्याचं कौतुक नको. पण हरल्यावर एवढा राग येणारी माणसं पैसे देऊन सुद्धा तयार करता येत नाहीत.

हे डोक्यात ठेवून अमेरिकेकडं बघितलं की बऱ्याच गोष्टी सोप्या होतात. पोर्टलंड घ्या. १९७० ला टीम आली, गावात दुसरी कुठलीच मोठी प्रोफेशनल टीम नव्हती. १९७७ ला चॅम्पियन झाले आणि त्या साली सुरू झालेली हाऊसफुल्लची माळ १९९५ पर्यंत तुटली नाही, सलग ८१४ मॅच! हॉल लहान होता, बारा-तेरा हजारांचा, पण त्यामुळंच मजा, तिकीट मिळत नाही म्हटल्यावर माणूस जास्त मागं लागतो. सॅन अँटोनियो तसंच, तिथं मेन टीम म्हणजे स्पर्स, पाच टायटल आहेत त्यांच्याकडं. न्यूयॉर्क-लॉस एंजेलिसला टीम टिकते त्यात काय कौतुक, तिथं काहीही टिकतं.

माझ्या मते सगळ्यात भारी केस ओक्लाहोमा सिटीची आहे आणि ती सिएटलच्या केसशिवाय सांगताच येत नाही. सिएटलकडं सुपरसॉनिक्स होते, १९७९ चे चॅम्पियन. २००६ ला स्टारबक्सवाल्या हॉवर्ड शुल्ट्झनं टीम ओक्लाहोमाच्या मंडळींना ३५ कोटी डॉलरला विकली. नवा हॉल पब्लिकच्या पैशातनं बांधून द्या, नाही देत, असं ओढत ओढत २००८ ला टीम गेलीच, त्यांचा स्टार प्लेअर केव्हिन ड्युरांट पहिला सीझन सिएटलला खेळला आणि दुसऱ्या सीझनला सामान ओक्लाहोमात. शहरानं साडेचार कोटी डॉलर घेऊन कोर्टातली केस मिटवली, पण नाव, रंग आणि इतिहास हा आमच्याकडंच राहणार असं लिहून घेतलं. हे मला लई आवडतं. टीम न्या, नाव ठेवा. आणि तिथला प्रेक्षक कुठं गेला नाही, मुलींची टीम, सिएटल स्टॉर्म, ती तिथल्याच बायकांनी विकत घेऊन गावात ठेवली, चार वेळा चॅम्पियन झालीय ती. जुना हॉल आतनं पूर्ण नवा करून २०२१ ला उघडला, आइस हॉकीची टीम त्यात खेळते पण. म्हणजे हॉल आहे, गर्दी आहे, राग आहे. अजून काय पाहिजे? सिएटलला टीम देणं म्हणजे उपकार नव्हे, उधारी फेडणं आहे.

आता ओक्लाहोमा सिटीला शिव्या घालायच्या असं सिएटलवाल्यांचं म्हणणं असणार, पण त्या गावाचा पण विचार करा. अख्खा आसपासचा परिसर धरून चौदा-पंधरा लाख माणसं, अमेरिकेच्या हिशोबात लहान गाव. २००५ ला कॅटरिना वादळानं न्यू ऑर्लिन्स बुडालं तेव्हा तिथली टीम दोन सीझन ओक्लाहोमाला येऊन खेळली. पाहुण्यांची टीम! तरी हे लोक भरभरून आले. ती दोन वर्षं म्हणजे गावाची परीक्षा होती असं समजा, पास झाले, म्हणून पुढं टीम मिळाली. २०२३ च्या डिसेंबरात नव्या हॉलसाठी एक टक्का सेल्स टॅक्स द्यायचा का यावर मतदान झालं तर सत्तर टक्क्यांच्या वर लोक हो म्हणाले. (आपल्याकडं घरफाळ्यात स्टेडियमसाठी दहा रुपये वाढवून बघा, मोर्चाच निघेल.) आणि २०२५ ला फायनल कुणाची, ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना (म्हणजे इंडियानापोलिस), दोन्ही लहान गावं, सात मॅचपर्यंत गेली आणि ओक्लाहोमा जिंकलं.

वेगासचं माझ्या दोस्ताला लई कौतुक आहे. तिथं टीम येईल हे मी पण मानतो, २००४ पासनं एनबीएची समर लीग तिथं भरते, मुलींची बास्केटबॉल टीम एसेस आहे, टी-मोबाईल अरेना तयार आहे. आइस हॉकीची टीम २०१७ ला आली आणि पहिल्याच सीझनला फायनल, २०२३ ला कप. फक्त टुरिस्टवर चालतंय असं म्हणणाऱ्यांची तोंडं त्या टीमनं बंद केली. पण त्या एका गावात आता हॉकी, फुटबॉल म्हणजे त्यांचं ते हातातलं, बेसबॉल पण यायच्या वाटेवर, आणि वर ४१ रात्री बास्केटबॉल. खिसा एकच आहे ना शेवटी. चालेल, पण सिएटलनंतर. मेक्सिको सिटीचं नाव पण येतं, माणसं प्रचंड, पण समुद्रसपाटीपासनं सव्वादोन हजार मीटर उंचीवर, तिथं पाहुण्या टीमची दमछाक व्हायची, आणि प्रवास लांबचा. आणि व्हँकुव्हर, तिथली टीम १९९५ ला सुरू होऊन २००१ ला मेम्फिसला गेली, सहा वर्षं नुसतं हरणं आणि पडलेला कॅनेडियन डॉलर, त्यात गावाची काय चूक, माझं मत त्यांना परत एक चान्स द्यावा असं आहे पण माझं कोण ऐकतंय.

बरं, आता आपल्याकडं.

आपल्याकडं लीगा झाल्या नाहीत असं नाही. यूबीए म्हणून एक लीग २०१५ ला सुरू झाली होती, पुणे पेशवाज, मुंबई चॅलेंजर्स, चेन्नई स्लॅम अशी नावं, २०१७ नंतर बंद. मग २०२२ ला आयएनबीएल आली, सहा शहरांच्या टीम, चेन्नई हीट पहिले चॅम्पियन. पण सहाही टीम एका गावात जमायच्या, तिथं खेळायच्या, मग पुढच्या गावात. खर्च वाचतो हे कळतं, पण यात चंदीगडच्या टीमला चंदीगडचा माणूस बघणार कधी? जर्सीवर गावाचं नाव आणि मॅच दुसरीकडंच, हे आम्हाला कोल्हापूरकरांना चांगलंच माहितीय. २०२३ ला क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली, 'कोल्हापूर टस्कर्स' टीम आली, केदार जाधव कॅप्टन, सगळं झकास, आणि मॅच सगळ्या पुण्याला गहुंज्यात. टीव्हीवर बघितल्या की आम्ही, ओरडलो पण, पण तिकीट काढून जाणार कुठं, हायवेनं चार-पाच तास?

म्हणून माझी पहिली अट, टीमनं स्वतःच्या गावात खेळायचं. एनबीएसारखं नको, पाच हजारांचा हॉल, बारा घरच्या मॅच, म्हणजे सीझनला साठ हजार सीटा. हे जमणारी गावं आहेत.

पहिला नंबर चेन्नई, यात मला तरी वाद दिसत नाही. इंडियन ओव्हरसीज बँक, इन्कम टॅक्स, असल्या ऑफिसांच्या टीम तिथं वर्षानुवर्षं आहेत, प्लेअरला नोकरी मिळते आणि खेळ पण चालू राहतो, शाळा-कॉलेजच्या स्पर्धा जोरात, नेहरू इनडोअर स्टेडियम आहे. बघणारा माणूस स्वतः कधीतरी खेळलेला असतो, त्याला पिक अँड रोलसारखा डाव समजावून सांगावा लागत नाही. दुसरा नंबर लुधियाना. तिथली अकॅडमी म्हणजे कारखाना आहे, सतनाम सिंग तिथंच घडला, बल्लो के नावाच्या लहान गावचा पोरगा, २०१५ ला डॅलस मॅव्हरिक्सनं ५२ व्या नंबरला घेतला, एनबीए ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीमा नवे प्लेअर निवडतात त्यात, निवडला गेलेला पहिला भारतीय. पंजाबातली गावोगावची खेळाची हौस आणि परदेशी बसलेल्या पाहुण्यांचा पैसा, दोन्ही आहे. बेंगळुरूत २०१७ ला आपल्या मुलींनी आशिया कपच्या डिव्हिजन बी ची फायनल जिंकली कंठीरवा स्टेडियममध्ये, हॉल चांगला, पण त्या शहरात संध्याकाळी सातला कुठंही पोचणं हाच एक खेळ आहे. केरळ चालेल, मुलींच्या टीमसाठी तर एक नंबर, आपल्याकडं मुलींची लीग आधी काढली तर ती पुरुषांच्या आधी टिकेल असं मला वाटतं, पण ते परत कधीतरी.

मुंबईबद्दल मात्र माझं मत जरा तिरकं आहे. २०१९ च्या ऑक्टोबरात इंडियाना पेसर्स आणि सॅक्रामेंटो किंग्ज या एनबीएच्या टीम वरळीच्या डोममध्ये दोन मॅच खेळून गेले, किंग्जचे मालक विवेक रणदिवे मूळचे मुंबईचेच. सेलिब्रिटी आले, बातम्या झाल्या. ती गर्दी परत येणार नाही, म्हणजे मंगळवारी रात्री येणार नाही. पण त्याच मुंबईत नागपाडा आहे. बच्चू खान ग्राउंड, मस्तान वायएमसीए, दाटीवाटीची वस्ती आणि तिथं क्रिकेट नव्हे तर बास्केटबॉल, पिढ्यान्‌पिढ्या. अब्बास मुंतसिर तिथलेच, भारताचे कॅप्टन, अर्जुन पुरस्कारवाले. हे वाचलं तेव्हा मी म्हटलं अरे ही तर आपली पेठ! फरक एवढाच, इथं फुटबॉल, तिथं बास्केटबॉल. टीमचं नाव 'मुंबई' अमुकतमुक ठेवलं आणि वरळीच्या वरच्या सीटा दोन-दोन हजारांना विकल्या तर नागपाड्याचा माणूस यायचा नाही आणि तो नाही आला तर बाकी कोण आलं तरी उपयोग नाही. नागपाड्यापासनं चालत जाता येईल असा हॉल, शंभर-दीडशेचं तिकीट, मग मुंबई माझ्या यादीत चेन्नईच्या बरोबरीला.

पुण्याला बालेवाडी आहे, भारताची कॅप्टन झालेली शिरीन लिमये पुण्याचीच, कॉलेजची पोरं खंडीभर. टिकेल. पुणेकर मात्र दुपारी यायचे नाहीत, हे तुम्हाला माहितीच आहे.

ग्रुपवर शेवटी सगळे इथंच आले, मग कोल्हापूर का नको? खरं सांगायचं तर आज नको. शाळांमधनं सिमेंटचे कोर्ट आहेत, बऱ्याच रिंगांना जाळी नाही, आणि पाच हजार माणसं छपराखाली बसून मॅच बघतील अशी लाकडी फ्लोअरची जागा गावात नाही. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग उभं केलं तेव्हा कुस्ती आधीच गल्लोगल्ली होती, तालमी भरलेल्या होत्या, मैदान नंतर आलं. बास्केटबॉलचं ते व्हायला आधी पेठापेठांत रिंग लागायला पाहिजे, मंडळांनी पोरं उतरवायला पाहिजेत, गणपतीच्या वर्गणीतनं थोडे पैसे बाजूला काढून का असेना. पावसाळ्यात फुटबॉल बंद असतो, ग्राउंडवर चिखल, पोरं मोबाईल घेऊन कट्ट्यावर, त्या तीन-चार महिन्यांत छपराखालचा खेळ इथं चालेल याबद्दल मला शंका नाही.

एकानं लगेच टीमचं नाव पण सुचवलं आणि दुसऱ्यानं विचारलं की हॉल कुठं, शिवाजी पेठेत का मंगळवार पेठेत. त्यावर जे सुरू झालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी आपलं एवढंच टाकलं की भावांनो, कोल्हापूरला द्यायच्याच असल्या तर दोन टीम द्यायला लागतील.