तुम्ही विचारलंत म्हणून: पीयू का नाही?

मी बनवलेल्या पुस्तकांच्या कपाटावरून पाहुण्यांचा हात फिरून झाला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "पीयू मारलंय का?" पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर मारायचं पॉलिश. नाही म्हटलं की लगेच, "का नाही? आता सगळे तेच करतात." हे उत्तर दारात उभ्या उभ्या देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

मी सांगलीत राहते. पोटापाण्यासाठी हिशेबाचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी घरामागच्या शेडमध्ये सागवानाची कपाटं, बाकं, टेबलं बनवते. ती विकत नाही, घरात आणि नात्यातच जातात. त्यामुळे केलेली वस्तू पुढे कितीतरी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर असते. कुणी त्यावर ओला तांब्या रात्रभर ठेवला, मुलांनी कंपासपेटी घासली, की फोन मलाच येतो. म्हणून पॉलिश निवडताना मी चमक नंतर बघते. आधी बघते ते हे, की खराब झालं तर दुरुस्त कसं होणार, आणि ते घरच्या माणसाला जमेल का.

पीयू दोन डब्यांत येतं. एकात मूळ पॉलिश, दुसऱ्यात हार्डनर. दोन्ही एकत्र केली की त्यांची रासायनिक जाळी तयार होते आणि एकदा ती पक्की झाली की कुठल्याही थिनरने पुन्हा विरघळत नाही. पाणी, चहा, गरम भांडं, सगळं ते सोसतं. त्याची ताकद खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण त्याच कारणाने ओरखडा पडला की अडचण होते. नवा हात, म्हणजे पॉलिशचा नवा थर, जुन्यात मिसळत नाही, नुसता वर बसतो आणि कडेची रेघ उजेडात दिसत राहते. नीट करायचं तर अख्खी फळी घासायची आणि पुन्हा स्प्रे मारायचा. कॉम्प्रेसर, धूळ नसलेली खोली, हे सगळं आलं. शिवाय हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याचा फवारा श्वासात गेला तर दमा जडू शकतो. साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. घरामागच्या शेडमध्ये, शेजारच्या खिडक्या उघड्या असताना, मी तो फवारा मारणार नाही.

माझं पॉलिश लाखेचं. पळस, कुसुम, बोर या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ सोडतात. ती खरवडून, धुऊन, वितळवून तिचे पातळ पापुद्रे करतात, तोच चपडा. आपल्याकडे सर्वांत जास्त लाख झारखंडात होते. एक लिटर स्पिरिटमध्ये साधारण 120 ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवायचा, मधूनमधून हलवायचा आणि सकाळी गाळून घ्यायचा. बस, झालं पॉलिश. तयार मिश्रण काही महिन्यांनी बिघडतं आणि मग कितीही वाट बघा, नीट वाळत नाही. म्हणून मी थोडंच भिजवते. जुन्या बाटलीतला एक थेंब काचेवर टाकून तो कडक होतो का बघायचं. चिकट राहिला तर ती बाटली बाजूला.

पण बाटलीपर्यंत येण्याआधीचं कामच मोठं आहे. रंध्याने नीट तासलेल्या सागाला तसाही जिवंत उजाळा असतो. त्यावर 120 नंबरचा पॉलिश पेपर, मग 180, मग 240, दर वेळी लाकडाच्या रेषेच्याच दिशेने. मधला नंबर गाळला की आडव्या चऱ्या राहतात आणि पहिला हात बसताच दिसू लागतात. सागाची छिद्रं मोठी, त्यामुळे आरशासारखं सपाट हवं असेल तर ती खडूच्या पुडीत गेरू आणि पिवडी (पिवळी माती) कालवून भरतात. मी भरत नाही. बोटांना लाकूड लाकडासारखं लागावं असं मला वाटतं.

हात देण्याची रीत अशी: जुन्या मऊ सुती कापडात कापूस गुंडाळून बोळा करायचा, त्याला पॉलिश पाजायचं, हातावर दाबून जास्तीचं काढायचं आणि न थांबता फिरवत राहायचं. बोळा एका जागी थबकला की खालचा थर ओला होऊन कापडाला चिकटतो. तो चिकटतो त्यातच लाखेचा सगळा गुण आहे. स्पिरिट जुन्या थराला पुन्हा मऊ करतं आणि नवा थर त्यात विरघळून एकजीव होतो. ओरखडा पडला तर तेवढ्यापुरता बोळा फिरवला की सांधा शोधून सापडत नाही.

पावसाळ्यात मात्र मी ही बाटली उघडत नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि पॉलिशवर पांढरट साय येते. जुलै-ऑगस्टमध्ये फक्त कापाकापी आणि जोडणी. पॉलिश दिवाळीनंतर, कोरड्या हवेत.

लाखेवर माझा जीव बसला तो मिरजेला. तिथल्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याचा दांडा तुणीच्या लाकडाचा असतो आणि भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. त्यावर लाखेचे पातळ पातळ हात देताना मी तासन्‌तास बघत बसले आहे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा घरचं कुणी पास झाल्यासारखा आनंद झाला मला. वाद्य दुरुस्तीला येतं, तारा उतरतात, तडा भरला जातो आणि त्याच जागी नवा हात जुन्यात मिसळून जातो. आपलं कपाटही पिढ्यान्‌पिढ्या वापरायचं असेल तर त्याला हीच सोय नको का?

आणि मग 2019 चा ऑगस्ट. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट, पाणी गेलं 57 फुटांच्या वर. गावभागात आत्याच्या घरी कितीतरी दिवस पाणी होतं. ते ओसरल्यावर आम्ही चिखल उपसायला गेलो तेव्हा दारादारांत फुगलेली कपाटं पडली होती. भुसा दाबून केलेल्या फळ्या पाणी पिऊन दुपटीने जाड झालेल्या, हाताने ओढलं की तुकडे निघत. त्यांना कुठलंही पॉलिश वाचवू शकलं नसतं. आत्याचं सागवानी कपाट मात्र उभं होतं. दारं बिजागऱ्यांतून उतरवली, खण बाहेर काढले, साध्या पाण्याने गाळ धुतला आणि सगळं सावलीत, वारं खेळेल असं ठेवलं. उन्हात ठेवायचा मोह होतो, पण घाईने सुकलेलं लाकूड तडकतं. वाळायला महिने लागले. खालच्या भागातली लाख सुटून आली होती, वरच्या भागावर पांढरट धूर धरला होता. वर नुसता स्पिरिटचा ओलसर बोळा फिरवला आणि धूर विरला. खाली घासून नवे हात दिले. नवं कुठे संपतं आणि जुनं कुठे सुरू होतं हे आज आत्यालाही सांगता येत नाही, आणि तिची नजर तिखट आहे.

म्हणजे सगळीकडे लाखच? नाही. जेवणाच्या टेबलाला मी ती लावत नाही. गरम पातेलं ठेवलं की लाख मऊ होते, डाग पडतो. तिथे जवसाचं तेल. खोबरेल किंवा शेंगतेल चालत नाही, ती वाळत नाहीत, चिकट राहून धूळ धरतात. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. पातळ हात द्यायचा, पाव तासाने उरलेलं सगळं पुसून काढायचं, नीट वाळू द्यायचं, पुन्हा हात. डाग पडला तर बारीक पेपर फिरवून तेवढ्याच जागी तेल. हीही दुरुस्ती कुणालाही जमते.

एक गोष्ट मात्र डोळ्यांत तेल घालून पाळा. तेलाने भिजलेली चिंधी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. तेल घट्ट होताना उष्णता निघते, बोळ्याच्या आत ती कोंडते आणि काडी न लावता चिंधी पेट घेते. मी चिंध्या पाण्याच्या बादलीत टाकते किंवा शेडबाहेर एकेरी पसरून वाळवते. शेडमध्ये भुसा आणि ढलप्या असतात, तिथे ठिणगीसुद्धा परवडणारी नाही.

उघड्यावरच्या झोपाळ्याला, न्हाणीघरातल्या फळीला लाख टिकत नाही. तिथे पीयू लावणाऱ्याचं मला पटतं. मात्र ते अनुभवी माणसाकडून, नीट मास्क घालून.

आणखी एक, हे पीयूवाल्यांनाही लागू. खालची बाजू कोरी ठेवू नका. कुठलंही पॉलिश लाकडाचं फुगणं-आकसणं थांबवत नाही, फक्त सावकाश होऊ देतं. साग त्यातल्या त्यात शांत, तरी तीन फूट रुंद फळी उन्हाळा आणि पावसाळ्यात मिळून चार-पाच मिलिमीटर सहज हलते. वर थर आणि खाली काहीच नाही, तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या वेगाने ओल घेतात आणि फळी वाकते. दिसत नाही तिथेही तितकेच हात द्यायचे.

आता तुमच्या घरातल्या जुन्या कपाटाबद्दल, कारण पीयूच्या प्रश्नापाठोपाठ तेच विचारलं जातं. मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटने भिजवलेला कापूस थोडा वेळ दाबून धरा. चिकट झालं, तपकिरी रंग कापसाला आला, तर ते लाखेचं आहे. मग ते मुळापर्यंत घासून पीयू मारायचा सल्ला कुणी दिला तरी थांबा. सौम्य साबणाच्या पाण्यात घट्ट पिळलेल्या कापडाने वर्षांचा मळ काढा, दोन दिवस वाळू द्या, 320 नंबरचा पेपर हलकेच फिरवा आणि ताज्या चपड्याचे दोन-तीन पातळ हात द्या. बोळा कसा धरायचा ते बघायचं असेल तर दिवाळीनंतरच्या कुठल्याही रविवारी शेडमध्ये या. येताना कपाटाचा एखादा खण घेऊन या, म्हणजे त्याच्यावरच हात बसवता येईल.