तुम्ही विचारलंत म्हणून: अमेरिकेत अँग्झायटीवर मेडिकल कार्ड, म्हणजे औषध म्हणून गांजा विकत घ्यायचं राज्याचं कार्ड, मिळतं का?

मिळतं. न्यू जर्सीत मार्च २०१८ पासून, पेनसिल्व्हेनियात २० जुलै २०१९ पासून. तेवढंच हवं असेल तर इथेच थांबा. पण गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाची वाटी हातात घेऊन कोपऱ्यात गाठणारे आणि "एका मित्रासाठी विचारतोय" म्हणणारे तेवढ्यावर थांबत नाहीत. त्यांना फॉर्म कुठे भरायचा, डॉक्टर किती घेतो, हे सगळं हवं असतं. विचारायला हवा तो प्रश्न मात्र अजून एकानेही विचारलेला नाही.

आधी तुमचे प्रश्न.

राज्याराज्यात फरक आहे, आणि तो वैद्यकापेक्षा राजकारणाचा जास्त आहे. पेनसिल्व्हेनियाने जुलै २०१९ मध्ये अँग्झायटी यादीत घातली, शेजारच्या ओहायोच्या मेडिकल बोर्डाने त्याच सप्टेंबरात ती नाकारली. न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरला योग्य वाटलं की पुरे. टेक्सासच्या यादीत पीटीएसडी (मोठ्या आघातानंतरचा मानसिक त्रास) आहे, अँग्झायटी नाही. तेव्हा "डॅलसच्या चुलतभावाला मिळालं नाही, मग मला कसं मिळेल" हा प्रश्न बाद.

दुसरं, 'चिंता' नव्हे, निदान लागतं. नोकरी जाईल का, आईचं गुडघ्याचं ऑपरेशन कसं होईल, ही चिंता झाली. डॉक्टर बघतो ते वेगळं: सहा महिने, बहुतेक दिवस, आवरता न येणारी काळजी, सोबत झोप उडणं, स्नायू आखडणं, चिडचिड, लक्ष न लागणं. किंवा पॅनिक अटॅक. किंवा चारचौघांत तोंड उघडायची भीती. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची प्रश्नावली असते, गेल्या दोन आठवड्यांबद्दल, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज १० किंवा जास्त झाली की डॉक्टर नीट बघतो, १५ पासून पुढे तीव्र. फॅमिली डॉक्टरच्या नोंदीत एफ ४१.१ (जनरलाइज्ड अँग्झायटी) किंवा एफ ४१.० (पॅनिक) असा कोड असेल तर त्याची प्रत आधीच मागून ठेवा. नोंदच नसते, तिथे बहुतेकांचं अडतं. आपल्याकडे छातीत धडधडलं की आधी ईसीजी, मग ॲसिडिटीची गोळी, मग "मन रमव जरा". अँग्झायटी हा शब्द कागदावर यायलाच वर्षं जातात.

पेनसिल्व्हेनियात क्रम असा. आधी राज्याच्या आरोग्य खात्याकडे ऑनलाइन प्रोफाइल. मग नोंदणीकृत डॉक्टरची भेट. त्याने चार तासांचं प्रशिक्षण घेतलेलं असतं आणि तुमचा नेहमीचा डॉक्टर बहुधा त्या यादीत नसतो. त्याचं सर्टिफिकेशन झालं की ५० डॉलर भरायचे, मग कार्ड पोस्टाने येतं. डॉक्टरची फी वेगळी, साधारण १०० ते २०० डॉलर, आणि इन्शुरन्स त्यातला एक सेंट देत नाही. दरवर्षी पुन्हा हेच.

यात आपली माणसं एकाच ठिकाणी ठेचकाळतात: नाव. प्रोफाइलवरचं नाव आणि पत्ता राज्याच्या लायसन्सशी अक्षरशः जुळावा लागतो. आपल्या पासपोर्टवर स्वतःच्या नावाला वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव चिकटलेलं असतं, तेच लायसन्सवर उतरतं, आणि फॉर्म भरताना माणूस सवयीने नुसतं 'आपलं' नाव लिहितो. मग अर्ज लटकतो. लायसन्स समोर ठेवूनच टाइप करा. घर बदललं असेल तर आधी लायसन्सवरचा पत्ता बदला.

न्यू जर्सीबद्दल फार सांगायला नको. तिथे एप्रिल २०२२ पासून २१ वर्षांवरच्या कुणालाही दुकानात विकत मिळतं. कार्डाचा उपयोग म्हणजे विक्रीकर नाही आणि ३० दिवसांत ३ औंसांपर्यंत घेता येतं. घरी झाड लावायला मात्र कार्ड असूनही बंदी.

आता एक गोष्ट, जी डॉक्टर घाईत सांगत नाही. तो प्रिस्क्रिप्शन लिहीत नाही, फक्त 'या माणसाला हा आजार आहे' असं प्रमाणित करतो. किती, कोणतं, केव्हा, हे डिस्पेन्सरीच्या, म्हणजे परवानाधारक गांजा-दुकानाच्या, काउंटरवर ठरतं. अँग्झायटीत नेमकं तेच जड जातं, कारण टीएचसी (गांजातला नशा आणणारा घटक) थोडं असेल तर शांत करतं आणि जास्त झालं तर उलट घाबरवतं. शिकागोत झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ४२ निरोगी लोकांना कॅप्सूल देऊन भाषणाच्या ताणाखाली बसवलं. ७.५ मिलिग्रॅमने ताण कमी झाला, १२.५ ने मन आणखी बिघडलं. फरक पाच मिलिग्रॅमचा. पेनसिल्व्हेनियाने अँग्झायटी यादीत घातली तेव्हाच आरोग्य खात्याने सांगितलं होतं की ही पहिली उपचारपद्धत नव्हे, चालू उपचारांच्या जोडीने घ्या, टीएचसी कमी आणि सीबीडी (गांजातलाच, पण नशा न आणणारा घटक) जास्त असलेलं घ्या, थोड्या काळापुरतं घ्या. हे काउंटरवर कुणी वाचून दाखवत नाही.

नेहमीची चूक अशी: पोटात घेतलेल्याचा परिणाम दिसायला अर्धा ते दोन तास लागतात. पाऊण तासाने "काहीच होत नाही" म्हणून दुसरी घेतली जाते, आणि दोन्ही एकदम चढतात. काळीज धडधडतं, हात गार पडतात, आता मरतोय असं वाटतं. म्हणजे ज्या आजारासाठी कार्ड काढलं तोच आजार, दुप्पट. सुरुवात २.५ मिलिग्रॅमने, आणि त्या दिवशी दुसरी नाही. एसिटालोप्रामसारखी अँग्झायटीची गोळी चालू असेल तर सीबीडीमुळे तिचं रक्तातलं प्रमाण वाढू शकतं. ते सायकायट्रिस्टला सांगा. लाज वाटत असेल तर लाजत सांगा, पण सांगा.

आणि आता तो न विचारलेला प्रश्न. तुमचा पासपोर्ट कुठल्या देशाचा आहे?

मी स्वतः पूर्वी हा प्रश्न विचारत नसे. राज्यात कायदेशीर आहे, राज्याला तुमचा पत्ता हवा असतो, व्हिसा नव्हे, मग घ्या की, असं मी बिनदिक्कत सांगत असे. वाक्य खोटं नव्हतं. ते अर्धं होतं, आणि उरलेलं अर्धं ऐकणाऱ्याला महागात पडणारं होतं.

इमिग्रेशन राज्याचा कायदा बघत नाही, केंद्राचा बघतं, आणि केंद्राच्या लेखी गांजा १९७० पासून नियंत्रित पदार्थ आहे. 'पहिल्या यादीतून तिसऱ्या यादीत नेणार' या बातम्यांवर हुरळून जाऊ नका. यादी कुठलीही असो, व्हिसा किंवा ग्रीन कार्ड नाकारणाऱ्या इमिग्रेशनच्या कलमाला 'नियंत्रित पदार्थ' एवढंच पुरतं. अटक लागत नाही, शिक्षा लागत नाही. कबुली पुरते.

ती कबुली कुठे घडते ते बघा. एच-वन या नोकरीच्या व्हिसाचं स्टँपिंग, मुंबईत बीकेसीतली अमेरिकन कॉन्सुलेट. डीएस-१६० या व्हिसाच्या फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: नियंत्रित पदार्थांबाबतचा कुठलाही कायदा तुम्ही कधी मोडला आहे का? ग्रीन कार्डाच्या आय-४८५ या अर्जातही त्याच अर्थाचा. प्रामाणिक माणूस थबकतो. आपल्याकडे कार्ड आहे, राज्याने दिलंय, आपण काहीच मोडलेलं नाही, असं त्याला मनापासून वाटतं. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्याला तसं वाटत नाही. तुम्ही 'हो, डॉक्टरने दिलं होतं' म्हणालात तर ती कायद्याच्या अर्थाने कबुली ठरते की नाही यावर वकील वाद घालू शकतात, पण तुम्ही ठाण्याच्या घरी आणि लॅपटॉप, पोरांची शाळा, घराचा हप्ता पलीकडे, अशा अवस्थेत तो वाद चालतो. कॉन्सुलेटच्या नकाराला कोर्टात आव्हान जवळजवळ देताच येत नाही. 'नाही' म्हणालात आणि पुढे उघड झालं, तर महत्त्वाच्या बाबतीत खोटं बोलल्याचा ठपका, आणि तो आयुष्यभराचा.

"त्यांना कळणार कसं?" हे हमखास येतं. राज्याची रुग्णनोंद गोपनीय असते, खरं आहे. पण विमानतळावर फोन तपासता येतो, आणि त्यात डिस्पेन्सरीचे मेसेज असतात. ग्रीन कार्डाच्या मेडिकलमध्ये डॉक्टर चालू औषधं विचारतो, आणि त्याने व्यसनाचं निदान लिहिलं तर बारा महिने वाट बघावी लागते. ग्रीन कार्ड हातात आहे म्हणून सुटका नाही, भारतातून परततानाही हाच मुद्दा निघू शकतो. सिटिझनशिपच्या अर्जावर तर एप्रिल २०१९ पासून इमिग्रेशन खात्याचं लेखी धोरण आहे: राज्यात कायदेशीर असलं तरी 'चांगल्या चारित्र्या'ला बाध येऊ शकतो. ३० ग्रॅमपर्यंत, एकदाच बाळगल्याबद्दल माफीची एक वाट आहे. पण 'एकदाच' नव्हे, हे तुमचं कार्डच ओरडून सांगतं.

मग ग्रीन कार्डाच्या रांगेत बारा वर्षं काढणाऱ्याने, ज्याची अँग्झायटी बऱ्याच अंशी त्या रांगेतूनच आलेली आहे, त्याने काय करायचं? सीबीटी (विचारांची सवय बदलणारी समुपदेशनाची पद्धत) आणि एसएसआरआय (एसिटालोप्रामच्या वर्गातल्या गोळ्या) यांना कुठलाही फॉर्म आक्षेप घेत नाही, हे मी सांगते. त्यावर "ते करून झालं, म्हणून तर विचारतोय" असं उत्तर येतं, आणि माझ्याकडे पुढचं वाक्य नसतं. इमिग्रेशन वकिलाची एक तासाची फी भरा, कार्ड काढायच्या आधी, नंतर नव्हे. यापलीकडे मला जाता येत नाही.

नागरिक असाल तर वरचं बहुतेक तुम्हाला लागू नाही. दोन गोष्टी मात्र लागू: पेनसिल्व्हेनियात गाडी चालवताना रक्तात अंश सापडला तर कार्ड वाचवत नाही, आणि पेनसिल्व्हेनिया आणि न्यू जर्सी यांच्यामधल्या डेलावेअर नदीचा पूल माल घेऊन ओलांडणं हा केंद्राचा गुन्हा आहे, दोन्ही काठांवर कायदेशीर असलं तरी.

आणि दिवाळीला घरी जाणार असाल तर हँडबॅगचे आतले कप्पे, चष्म्याचं केस, व्हिटॅमिनची बाटली, सगळं रिकामं करून बघा. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने भांगेची पानं व्याख्येबाहेर ठेवली आहेत, म्हणून "होळीला चालतं ना" असा युक्तिवाद ऐकू येतो. गमी, म्हणजे गांजाची चघळायची गोळी, हे पान नव्हे, त्यात अर्क असतो. कस्टम्सच्या टेबलावर अमेरिकेचं कार्ड दाखवू नका, ते पुरावा म्हणून जोडलं जाईल.