दोन थर्मामीटर आणि एक डेन्ड्रोबियम

लग्नाच्या स्टेजवर आणि सत्काराच्या बुकेत जी जांभळी-पांढरी ऑर्किडं खोचलेली असतात, ती बहुतेक डेन्ड्रोबियमची. ऑफिसमधल्या एका निरोप समारंभातला तसा बुके आमच्या घरी आला. त्यातल्या गुलाब-जरबेरानी लगेच माना टाकल्या, ऑर्किडची कांडी मात्र पंधरवडाभर ताठ. तेवढ्यावर भाळून पुण्याहून येताना एका नर्सरीतून डेन्ड्रोबियमची कुंडी मांडीवर घेऊन आले.

सोलापुरात पोचल्यावर सगळ्यांनी उन्हाची काळजी केली. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, मग हे थंड हवेतलं झाड जगणार कसं? डेन्ड्रोबियमच्या या संकरित जाती थंड हवेतल्या नाहीतच. त्यांची पैदास आणि शेती थायलंडसारख्या उष्ण देशात चालते. सासरे, म्हणजे अण्णा, उन्हाचं काही बोलले नाहीत. "याला हवेत ओल किती लागते गं?" एवढंच विचारलं.

अण्णांची नोकरी मिलच्या साळखात्यात, म्हणजे मागांच्या विणकाम विभागात गेली. सुती धागा कोरड्या हवेत कडक होतो आणि फटाफट तुटतो, म्हणून साळखात्यात पाण्याचे फवारे मारून हवा दमट ठेवतात. ती ओल मोजायला भिंतीवर शेजारी शेजारी दोन थर्मामीटर असायचे. एक साधा आणि दुसऱ्याच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं. हवा जितकी कोरडी, तितकं मलमलचं पाणी जास्त उडतं आणि तो पारा तितका खाली येतो. दोन्हींतला फरक कोष्टकात बघितला की ओलाव्याची टक्केवारी मिळते. अण्णांनी प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानातून दोन थर्मामीटर आणले, औषधाच्या बाटलीत वात सोडली आणि गॅलरीत ते जोडकाम टांगलं. डिजिटल यंत्र ऑनलाइन मिळतं, हे मी सांगून बघितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

एप्रिलमधल्या एका दुपारी कोरडा ४०, ओला २२. कोष्टकात आकडा निघाला २० टक्के. ऑर्किडला निदान पन्नास तरी हवेत. "एवढ्या हवेत आमचे माग चालले नसते, तुझं झाड कशाला चालतंय," अण्णा म्हणाले. सोलापुरात ऑर्किड वाढवायचं म्हणजे हवा आणि पाणी सांभाळायचं, ऊन त्या मानानं सोपं, हे तेव्हाच माझ्या डोक्यात बसलं.

उन्हाचं निभावणं खरंच सोपं होतं. गॅलरी पूर्वेला आहे. सकाळचं कोवळं ऊन घेऊ दिलं आणि नऊनंतर पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट ओढली. पान गर्द हिरवं दिसलं तर उजेड कमी पडतोय, पिवळट-हिरवं असेल तर ठीक. बाकी काही नाही.

हवेसाठी मात्र खटपट केली. गॅलरीच्या दोन बाजूंना बारदान टांगलं. ते दुपारी भिजवायचं, जमिनीवर संध्याकाळी सडा मारायचा, कुंडीखाली खडी आणि पाण्याचा ट्रे ठेवायचा, पण कुंडीचं बूड पाण्याला लागू द्यायचं नाही. बारदानाच्या आत आकडे आले ३५ आणि २२, म्हणजे तीस टक्क्यांच्या जरा वर. ओल्या थर्मामीटरचा आकडा जवळपास जागचा हलत नाही, कोरडाच खाली उतरतो, हे मला तेव्हा नवलाचं वाटलं होतं. पाणी उडताना हवेतलीच उष्णता घेतं, म्हणून असं होतं. कूलर लावलेल्या खोलीत ३० आणि २२, म्हणजे थेट पन्नास टक्के! डेन्ड्रोबियम काटक, ते गॅलरीत राहिलं. नंतर आलेल्या फॅलेनॉप्सिसला, म्हणजे दुसऱ्या एका ऑर्किडला, कूलरच्या खोलीत जागा मिळाली, झोताच्या सरळ रेषेत नव्हे, कोपऱ्यात. हे फॅलेनॉप्सिस निवडुंगासारखं दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतं आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड घेतं. त्यामुळे मे महिन्यात रात्रभर कूलर कुणासाठी चालू आहे, यावर घरात विनोद व्हायचे.

कुंडीत माती नसते, हे आईला अजून पटलेलं नाही. ही झाडं रानात दुसऱ्या झाडाच्या सालीला धरून वाढतात. तिथं ती बांडगुळासारखा रस शोषत नाहीत, नुसती बसायला जागा घेतात. मुळांवर स्पंजासारखं पांढरं आवरण असतं. कोरडं असताना रुपेरी, पाणी प्यायलं की हिरवं. मुळं रुपेरी दिसली की पाणी द्यायचं, वेळापत्रक त्यांच्याकडेच असतं. मातीत त्यांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. म्हणून कडेला भोकं पाडलेल्या मातीच्या कुंडीत नारळाच्या सोडणाचे तुकडे, लोणारी कोळसा आणि फुटक्या कौलाचे खडे भरले. सोडणात क्षार असतात, तेव्हा लालसर पाणी येणं थांबेपर्यंत ते बदलत्या पाण्यात भिजत ठेवावं लागतं. कोळसा इस्त्रीवाल्या काकांनी दिला, पैसे घेतले नाहीत.

पाण्याचं सोलापूरकरांना काही सांगायला नको. नळ एक दिवस येतो आणि मग पुढचे काही दिवस येत नाही, मधल्या दिवसांत बोअर. आमच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा, हजाराच्या वर. ऑर्किडला तो दोनशेच्या आत असलेला बरा, नाहीतर मुळांची टोकं करपतात आणि कुंडीवर पांढरं लोणा धरतं. घरातल्या आरओचं शुद्ध पाणी वापरता येतं, बाहेर टाकलेलं नाही, कारण क्षार त्यातच साठतात. पावसाळ्यात गच्चीच्या पन्हळीखाली ड्रम लावला, झाकणाला मच्छरदाणी बांधली. उन्हाळ्यात आधार ऑफिसच्या एसीचा. हवेतली वाफ थंड होऊन तयार झालेलं ते पाणी क्षाराच्या बाबतीत पावसाच्या पाण्याइतकंच सौम्य. शिपाईमामा रोज कॅन भरून ठेवतात. "मॅडम, गाडीच्या बॅटरीला का?" असं त्यांनी एकदा विचारलं होतं.

खताला मात्र सोलापूर सोयीचं. द्राक्ष-डाळिंबाचा जिल्हा असल्यानं कृषी सेवा केंद्रात पाण्यात विरघळणारं १९:१९:१९, म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत, कुठंही मिळतं. दुकानदारानं विचारलं, "किती एकर?" मी म्हटलं, दोन कुंड्या. त्यानं हसत एक किलोचं पाकीट दिलं. मी लिटरला अर्धा ग्रॅम घालते, तेही आठवड्यातून एकदा आणि आधी साधं पाणी दिल्यावरच. त्या हिशेबानं पाकिटात दोन हजार लिटर पाणी होईल. बहुतेक माझ्या निवृत्तीपर्यंत पुरेल.

मे महिन्यात पानांच्या खालच्या बाजूला चंदेरी ठिपके दिसले. लाल कोळी. कोरड्या हवेत तो फोफावतो. पानं उलटून पाण्याच्या बारीक धारेनं पुन्हा पुन्हा धुतली, औषध लागलं नाही. पिठ्या ढेकूण पावसाळ्यात आला, त्याला स्पिरिटचा बोळा.

जूनमध्ये दोन पाऊस झाले आणि आकडे २९ आणि २५ वर आले. सत्तरच्या वर! अण्णांनी मला ऑफिसात फोन करून सांगितलं. त्यानंतर डेन्ड्रोबियमनं बुडातून नवी कांडी काढली. जुन्या कांड्यांची पानं गळून त्या बोडक्या झाल्या होत्या, शेजारच्या वहिनी म्हणाल्या, वाळलेलं छाटून टाका. छाटू नये. त्या कांड्यांत पाणी आणि अन्न साठलेलं असतं, सुरकुतल्या तरी त्या नव्या कांडीला पोसतात, कधी कधी फुलंही देतात. एका बोडक्या कांडीच्या पेरावर तर आख्खं पिल्लू फुटलं, दोन पानांचं, हवेत लोंबती मुळं घेऊन. त्याला केकी म्हणतात. मुळं दोन इंचांची झाल्यावर ते कापून वहिनींनाच दिलं.

दसऱ्याच्या आसपास नव्या कांडीच्या शेंड्याला तुरा आला. फुलं बुकेतल्यासारखीच, पण ही आपल्या गॅलरीतली. फॅलेनॉप्सिसनं जास्त ताटकळत ठेवलं. त्याला फुलाचा दांडा काढायला काही आठवडे गार रात्री लागतात आणि सोलापूरचा हिवाळा नेमका तिथं कामाला येतो. डिसेंबरात रात्री पारा पंधरा-सोळापर्यंत उतरतो, म्हणून थंडीत त्याला कूलरच्या खोलीतून काढून खिडकीशी ठेवलं. जानेवारीत, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या दिवसांत, पानाच्या बगलेतून हिरवं टोक डोकावलं. मूळ असेल तर टोक गोल आणि गुळगुळीत, दांडा असेल तर ते थोडं चपटं आणि एका बाजूला फुगलेलं. मी रोज सकाळी बॅटरी मारून बघायचे. दांडाच होता.

आता कुंड्यांची रांग गॅलरीतून जिन्यापर्यंत गेली आहे. निळं फॅलेनॉप्सिस मात्र घेतलं नाही, घेणारही नाही. बाजारातलं ते गडद निळं दांड्यात रंग सोडून केलेलं असतं, पुढच्या वेळी त्याला पांढरीच फुलं येतात. जंगलातून उपटून आणलेली रोपं कुणी स्वस्तात देऊ केली, तरी त्यांना नाहीच म्हणते.

व्हँडा हे आणखी एक ऑर्किड, ती तेवढी यादीत आहे. तिची मुळं कुंडीत न भरता उघडी टांगायची आणि उन्हाळ्यात रोज भिजवायची, म्हणजे सौम्य पाणी आणखी लागणार. अण्णांनी आणखी दोन थर्मामीटर आधीच आणून ठेवलेत. पन्हळीला दुसरा ड्रम जोडून घ्यायचाय, प्लंबर रविवारी येतो म्हणालाय.