बारा व्होल्टची उबवणी पेटी आणि कमी पडणारी ऊब

वीज कधी जाईल याचा भरवसा नसलेल्या गावात अंडी उबवायची असतील, आणि त्या वेळी एकही कोंबडी खुडूक नसेल, तर बॅटरीवर चालणारी 12 व्होल्टची पेटी मला सर्वांत सोयीची वाटते. पेटीत पाण्याचे ताट ठेवावेच लागते, त्यामुळे तिथे 230 व्होल्टची उघडी जोडणी नसलेली बरी. मात्र अशा पेट्यांबद्दल एक तक्रार हमखास ऐकू येते: पारा 33-34 अंशांपर्यंत चढतो आणि तिथेच अडतो. पंखा असलेल्या पेटीत कोंबडीच्या अंड्यांना 21 दिवस सुमारे 37.5 अंश सेल्सियस तापमान लागते, म्हणजे हे तीन-चार अंशच निर्णायक ठरतात.

यावर बहुतेक जण मोठा बल्ब लावतात. माझ्या मते त्याआधी पेटीतून किती उष्णता बाहेर जाते याचा हिशेब करावा, कारण तो फारसा अवघड नाही. 45 सेंटिमीटर लांब आणि 30 सेंटिमीटर रुंद व उंच अशा पेटीचे सहाही बाजूंचे क्षेत्रफळ 0.72 चौरस मीटर भरते. पेटीच्या भिंतींचा थर्माकोल अडीच सेंटिमीटर जाडीचा असेल, तर आतबाहेरच्या तापमानातील प्रत्येक अंशाच्या फरकामागे साधारण एक वॅट उष्णता भिंतींतून निघून जाते. कोकणात 20 अंशांच्या रात्री ही गळती सुमारे 18 वॅट होते. निफाडकडे थंडीत पारा 10 अंशांवर आला की तीच 28 वॅटच्या घरात जाते. थर्माकोल 5 सेंटिमीटर जाडीचा घेतला तर दोन्ही आकडे निम्म्यावर येतात. मासळीच्या वाहतुकीतली जाड भिंतींची पेटी स्वच्छ धुऊन, उन्हात वाळवून वापरली, तर हे काम जवळजवळ फुकटात होते.

पाण्याच्या ताटाकडे मात्र कोणी संशयाने पाहत नाही. दिवसाला 200 मिलिलिटर पाण्याची वाफ होत असेल, तर त्यासाठी सतत साडेपाच वॅट उष्णता खर्ची पडते. हवेच्या भोकांतूनही काही वॅट जातात, पण ती भोके बुजवणे म्हणजे आतल्या जीवाचा श्वास कोंडणे होय. ताट मात्र गरजेपेक्षा पसरट नसावे; पहिले 18 दिवस 50 ते 55 टक्के आर्द्रता पुरते.

एवढे करूनही उष्णता अपुरी पडत असेल, तर दोष बहुधा वायरीत असतो. घरच्या विजेवर ज्याकडे दुर्लक्ष केले तरी चालते, ते 12 व्होल्टवर चालत नाही, कारण तेवढ्याच वॅटसाठी प्रवाह जवळपास वीसपट लागतो. 40 वॅटच्या तापकाला, म्हणजे पेटी तापवणाऱ्या बल्बला किंवा तारेला, 3.3 अँपियर प्रवाह हवा. बॅटरी चार मीटर दूर असून तांब्याची वायर 0.5 चौरस मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच खर्च होतो. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे निक्रोमच्या (विजेने तापणाऱ्या मिश्रधातूच्या) तारेला 12 ऐवजी 11 व्होल्ट मिळाले, तर तिची उष्णता 84 टक्क्यांवर येते. म्हणून वायर जाड आणि आखूड असावी, आणि बॅटरीच्या टोकाशीच फ्यूज असावा. 12 व्होल्टचा झटका बसत नसला तरी शॉर्टसर्किटने आग नक्कीच लागते.

तापक म्हणून गाडीच्या इंडिकेटरचे 21 वॅटचे दोन बल्ब मला पुरेसे वाटतात, पण ते समांतर जोडलेले हवेत. एकापुढे एक जोडले तर प्रत्येकाला सहाच व्होल्ट मिळतात आणि एकूण उष्णता निम्म्याहूनही बरीच खाली येते. एलईडी बल्बचा इथे उपयोग नाही, कारण त्याचे वॅटच मुळात थोडे असतात. बल्बवर पत्र्याचे आवरण घालून त्यामागे संगणकातला छोटा पंखा लावला, म्हणजे ऊब एकाच कोपऱ्यात साचत नाही.

थंड अंडी नुकतीच ठेवलेली असताना पारा लवकर चढला नाही, तर घाई करू नये. 30 अंड्यांचे वजन दीड किलोच्या आसपास असते आणि ती आतपर्यंत तापायला काही तास जातात. शेवटच्या आठवड्यात चित्र उलटे होते: वाढलेली पिल्ले स्वतःच उष्णता देऊ लागतात आणि बल्ब कमी वेळ पेटतो. त्या दिवसांत तापमान पाहून बल्ब बंद-चालू करणाऱ्या थर्मोस्टॅटच्या बंद आणि चालू होण्याच्या तापमानांतले अंतर अर्ध्या अंशाहून अधिक ठेवू नये, कारण चढलेला पारा उतरलेल्या पाऱ्यापेक्षा पिल्लांना लवकर मारतो.