आमची वाटचाल : वाफ्यापासून शीतखोलीपर्यंत

"बेरीत काय, लावली की पैसा," असं म्हणणारे अजून भेटतात आणि मला अजून राग येतो. केळं कच्चं उतरवून नंतर पिकवता येतं. स्ट्रॉबेरीला ती सोय नाही. तोडल्यावर रंग थोडा गडद होईल, पण गोडी देठ तुटला तेव्हा होती तेवढीच. त्यामुळे पूर्ण पिकल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि हात लावला की धावायचं. शून्य अंशावर, 90 ते 95 टक्के आर्द्रतेत उत्तम स्ट्रॉबेरी 5 ते 7 दिवस टिकते. रासबेरी तर 2 ते 5 दिवसच. ब्लूबेरीला साधारण दोन आठवडे मिळतात म्हणून तिचे लाड होतात. आमच्या फर्मचं सगळं बरंवाईट या हिशेबात घडलं आहे.

मी आणि माझा धाकटा भाऊ यात उतरलो तेव्हा आमच्याकडे गादीवाफे होते, ठिबक होतं आणि एक लहान थंड खोली होती. फळ चांगलं यायचं, पण व्यापाऱ्याच्या गाडीपर्यंत पोचेतो मऊ पडायचं. त्यावर भावाने जी जोडणी केली ती आजही आमच्याकडे चालू आहे. थंड खोलीत क्रेटच्या दोन रांगा समोरासमोर लावायच्या, मधे गल्ली ठेवायची. गल्लीच्या एका तोंडाला एक्झॉस्ट पंखा, आणि गल्लीचा माथा व दुसरं तोंड ताडपत्रीने बंद. पंखा गल्लीतली हवा ओढतो; मग खोलीतल्या गार हवेला क्रेटच्या भोकांतून, फळांच्या मधूनच यावं लागतं. नुसत्या थंड खोलीत थप्पीच्या मधलं फळ गार व्हायला रात्र जाते. या पद्धतीने तासा-दीड तासात शेतातली ऊब निघते. पंखा हवा ओढणाराच हवा, फुंकणारा नको. क्रेटमधल्या फटी स्पंजने बुजवायच्या, नाहीतर हवा सोपी वाट धरते आणि फळ गरमच राहतं. आणि साठवणीआधी फळ धुऊ नका. धुतलेल्या फळावर राखाडी बुरशीला आयती ओल मिळते, आणि ही बुरशी शून्य अंशावरही थांबत नाही, फक्त हळू वाढते. हे मी शंभरदा सांगतो, तरी लोक धुतात.

जमिनीच्या बाबतीतही आमचा हट्ट होता. मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने जमीन निर्जंतुक करण्यावर स्ट्रॉबेरीचा धंदा जगभर उभा होता. ओझोनच्या थराला अपाय होतो म्हणून माँट्रियल करारानुसार विकसित देशांत 2005 पर्यंत आणि विकसनशील देशांत 2015 पर्यंत त्याचा नेहमीचा वापर बंद करायचा ठरला. आम्ही त्या वाटेला गेलोच नाही. त्याऐवजी कडक उन्हात ओल्या जमिनीवर पारदर्शक प्लास्टिक चार ते सहा आठवडे ताणून ठेवायचं, पिकाची फेरपालट करायची आणि निरोगी मातृरोपांचीच रोपं घ्यायची. लाल कोळी या पानांचा रस शोषणाऱ्या किडीसाठी फायटोसियुलस पर्सिमिलिस हा मित्रकोळी सोडतो. तो खातो फक्त कोळीच, म्हणून कोळी दिसायच्या आधी सोडला तर उपाशी मरतो. सरसकट फवारणी नसल्याने मधमाश्या टिकतात. स्ट्रॉबेरीच्या पाठीवरच्या दाण्यादाण्याचं फलन झालं तरच फळ भरतं. जिथे ते होत नाही तिथे फळ वाकडं राहतं. वाकडं फळ पनेटमध्ये, म्हणजे ताज्या विक्रीच्या छोट्या डबीत, जात नाही, गरात जातं, आणि गराचा दर ताज्या फळाच्या पासंगाला पुरत नाही. निसर्ग सांभाळायचा खर्च आम्हाला याच फरकातून परत मिळतो.

पुढे प्रक्रिया सुरू केली. सुटं दाणेदार गोठवलेलं फळ, गर आणि जॅम. ती वर्षं सरळ गेली.

मग तो हंगाम आला. उत्पादन चांगलं होतं, आमच्या खोलीत जागा नव्हती, म्हणून गोठवलेला माल एका मोठ्या शीतगृहात भाड्याने ठेवला. उणे 18 अंशांचा लेखी करार होता. माल काढायला गेलो तेव्हा पिशव्यांत दाणे नव्हते, लादी होती. या धंद्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. सुटं गोठवलेलं फळ लादी होतं ते एकाच कारणाने: ते वितळलं, रस सुटला आणि पुन्हा गोठलं. पिशवीच्या कोपऱ्यांत लाल बर्फ साचलेला. शीतगृहाचा माणूस म्हणाला, "तुमचा माल आधीच ओला होता." त्यांनी तापमानाचा आलेख दिला. त्यात उणे 18 वर एक सरळ रेघ. ती रेघ बघूनच मी समजलो. ज्या खोलीत हवा गार करणाऱ्या बाष्पकावरचा बर्फ ठरावीक वेळाने वितळवला जातो, तिथे त्या त्या वेळी रेघेला लहानसा उंचवटा येतोच. सरळ रेघ यंत्राने काढलेली नसते, माणसाने काढलेली असते. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. भरपाई आजतागायत मिळालेली नाही.

त्यात एक प्रतिस्पर्धी आमच्या गिऱ्हाइकांकडे जाऊन सांगत फिरला, की यांच्या कारखान्यातच फळ सडतं. निम्म्याहून जास्त ऑर्डरी तुटल्या. त्या गृहस्थाने त्या स्वतःकडे वळवल्या, हेही मी विसरलेलो नाही. काहींनी सुचवलं की माल जॅमच्या कढईत घाला, उकळला की कुणाला कळणार नाही. ब्रिक्स, म्हणजे विरघळलेल्या साखरेचा आकडा, 65 च्या वर नेला की जॅम दिसायला जॅमच दिसतो, हे खरं. पण आंबलेल्या फळाची चव साखरेने जात नाही. एकही पिशवी कढईत गेली नाही. सगळा माल कंपोस्टच्या खड्ड्यात गेला. बँकेचे हप्ते थकले, मजुरांचे पैसे भावाने बायकोचे दागिने ठेवून दिले.

त्या दिवसांत बेकरीवाल्या ताई आल्या. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी. त्या म्हणाल्या, "भाऊ, एक पिशवी दाखवा." लादी टेबलावर आपटली, तुकडा हातात धरला आणि म्हणाल्या, "तुमचा दाणा मी इतकी वर्षं मोजून केकवर लावते. तो असा नसतो. हे वितळवलंय कुणीतरी." आपल्या लेटरहेडवर तसं लिहून दिलं आणि पुढच्या हंगामाची आगाऊ रक्कम ठेवून गेल्या. दुसऱ्या हंगामात इतर गिऱ्हाइकं परत आली, पण ताई गेल्याच नव्हत्या. म्हणून आजही पहिल्या तोडणीतला सर्वांत टपोरा माल त्यांचाच असतो, कुणी कितीही दर देवो.

कर्ज फिटायच्या आतच आम्ही स्वतःची गोठवणखोली बांधली. लोकांनी वेड्यात काढलं. माझं मत असं, की एकरभर नवी लागवड करण्याआधी थंडी आपल्या ताब्यात घ्या. आणि ब्लूबेरीच्या मोहात असाल तर आधी मातीचा सामू (पीएच) तपासा. तिला 4.5 ते 5.5 लागतो. गंधक टाकून तो खाली आणता येतो, पण ते काम जिवाणू करतात आणि त्यांना महिने लागतात. रोपं आणून मग गंधक टाकणाऱ्यांची पिवळी पडलेली पानं मी पुष्कळ पाहिली आहेत.

ब्रिक्स मोजायचा माझा हातातला रिफ्रॅक्टोमीटर जुना आहे, काचेला ओरखडा आहे, पण जॅमची प्रत्येक खेप आजही त्यावरच तपासतो. थेंब गार होऊ द्यायचा, गरम थेंबाचा आकडा फसवतो. स्ट्रॉबेरीत जॅम घट्ट करणारं पेक्टिन कमी, म्हणून थोडी अर्धवट पिकलेली फळं मुद्दाम मिसळतो. त्यांत ते जास्त असतं.

आता गोठवणखोलीतली थोडी जागा आम्ही आसपासच्या बागायतदारांना भाड्याने देतो. अट आमचीच, पण त्यांच्या बाजूची: तापमान नोंदवणारा लॉगर त्यांनी स्वतः आणायचा, स्वतःच्या पिशव्यांवर, खोलीची हवा लागेल असा ठेवायचा आणि माल काढताना आमच्यासमोर उघडायचा. रेघेत उंचवटे दिसले की आम्ही ते कशाचे आहेत ते समजावून सांगतो. उंचवटे दिसलेच नाहीत, तर त्यांनी आमच्याशी भांडावं.