तुम्ही विचारलंत म्हणून: पोरले नर्सिंगले टाकू का?

मी नर्स, त्यामुळे लग्नात वरण-बट्टीच्या पंगतीला बसले तरी कुणीतरी विचारतंच, "ताई, पोरले नर्सिंगले टाकू का?" धुळ्याच्या स्टँडवर विचारलंय, आईच्या दहाव्यालासुद्धा विचारलंय. मी "टाका की" म्हणून मोकळी होते. आज नीट सांगते.

'टाकू' शब्द मला बोचतो. पण मीही टाकलेलीच. बारावी सायन्सला मार्क कमी पडले, बीएस्सी नर्सिंगला नंबर लागेना, जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, लागला. 'सेवेची आवड' म्हणून अर्जात लिहिलं. आवड होती ती अमळनेर सोडून होस्टेलला राहायची.

आधी कुठलं नर्सिंग, ते तरी विचारा. एएनएम, म्हणजे नर्स-दाईचं, २ वर्षांचं. तिचा दवाखाना म्हणजे सरकारी आरोग्य उपकेंद्र, आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक. लसींचा डबा घेऊन पाड्यावर जा, गरोदर बायांची नोंद ठेव. जीएनएम ३ वर्षं, कुठल्याही शाखेची बारावी चालते. बीएस्सी ४ वर्षं, त्याला बायोलॉजी लागतं. तिघींनाही 'इंजेक्शनवाली बाई' म्हटलं की माझं डोकं फिरतं. डॉक्टर औषध लिहून जातात; ते अंगाला लागतंय की अंगावर उलटतंय, ते बघायचं आमच्याकडे.

आणि मी बघितलं नव्हतं.

नोकरीचं दुसरं वर्ष, नंदुरबार जिल्ह्यातला एक दवाखाना, रात्रपाळी. वॉर्डात २६ पेशंट, मी एकटी. धडगावकडची ९ वर्षांची पोर, सिकलसेलची, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराची. तिला रक्त चढवायचं होतं. पिशवीचा गट, नंबर दोनदा ताडून पाहिला, थेंब हळू सोडले. रिॲक्शन येते का ते बघायला पहिली १५ मिनिटं खाटेपासून हलायचं नसतं. पाचव्या मिनिटाला पलीकडचे आजोबा धापा टाकायला लागले. मी तिकडे धावले. ऑक्सिजन लावतेय तोच पोरीची आजी येऊन बाही ओढायला लागली. पावरीत, तिकडच्या आदिवासी बोलीत, बोलत होती, मला शब्द कळेना. "आजी, थांबा ना, आले." ती गेली, परत आली. पुन्हा तेच म्हणाले. तिसऱ्यांदा तिने माझा हात स्वतःच्या गालाला लावला आणि सगळं अंग थरथरवून दाखवलं.

धावले. पोर हुडहुडत होती, अंगात फणफणून ताप. रक्त बंद केलं, सेट बदलला, सलाइन लावलं, डॉक्टरांना उठवलं. पोर निभावली. सकाळी बिस्कीट मागून खाल्लं.

डॉक्टर म्हणाले, रिॲक्शन कुणालाही येते, तुझी चूक नाही. खरंच आहे, ती माझ्यामुळे आली नव्हती. सर्वसाधारण रुग्णालयात ५ पेशंटमागे एक नर्स हवी, हे उत्तर आम्ही परीक्षेत पाठ करून लिहिलं होतं. मग २६ जणांत मी कुठे कुठे पुरणार होते? हा हिशोब मी स्वतःला अनेकदा सांगितलाय. कधी पटतो. कधी ती बाही आठवते आणि पटत नाही.

तुमच्या पोरीला रक्त बघून चक्कर येते म्हणून घाबरू नका, ते सवयीने जातं. घाईत कुणाला "थांबा" म्हणावं आणि कुणाला नाही, हे मला अजून धड जमलेलं नाही.

गेल्या आठवड्यात एकीला रक्त लावलं. १५ मिनिटं जागची हलले नाही. समोरच्या खाटेवरची म्हातारी तेवढा वेळ पाणी मागत होती.