शके १५९६च्या गुहेत

"मामा, तुझं ते क्लिंगॉन एकदा तरी उपयोगी पडू दे," असं म्हणत भाचीने फोनवर काम गळ्यात मारलं. त्यांच्या कॉलेजच्या इतिहास मंडळाचं प्रदर्शन होतं. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाची तारीख देवनागरीत, मोडीत आणि गंमत म्हणून क्लिंगॉनमध्ये लावायची होती. तीन वर्षं मी विरार लोकलमध्ये दांडीला लोंबकळत ही स्टार ट्रेकमधली भाषा शिकतोय, पण घरात त्याचं कौतुक शून्य. त्यामुळे लगेच हो म्हणालो. एका तारखेला कितीसा वेळ लागणार?

आकड्यांना खरंच वेळ लागला नाही. ही भाषा घडवणाऱ्या मार्क ओक्रँडच्या १९८५च्या शब्दकोशात ते सगळे आहेत. हजार म्हणजे षाड, शंभर म्हणजे वात्ल्ह, दहा म्हणजे माह. पाचाला ‘वाघ’ म्हणतात. त्यातला घ जरा घशात घासायचा, एवढंच. ६ जून १६७४ म्हणजे शके १५९६, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी. पाडव्यानंतर डिसेंबरपर्यंत ७८ वजा करायचे, पाडव्याआधी ७९, हे आजोबांनी पंचांग पुढ्यात ठेवून शिकवलं होतं. १५९६मध्ये पाचशे आहेत, म्हणजे वाघ आलाच. मी खूश.

मग अडलो ‘शके’पाशी.

वर्षाला क्लिंगॉनमध्ये ‘डिष’ म्हणतात. मी आकडा लिहिला, पुढे डिष लिहिलं आणि ठाण्याच्या मित्राला पाठवलं. तो माझ्याआधीपासून शिकतोय. त्याचं उत्तर आलं, "एक हजार पाचशे शहाण्णव वर्षं? कसली?" क्लिंगॉनमध्ये आकडा आधी आला तर ती मोजदाद होते, नामानंतर आला तर क्रमांक. म्हणजे डिष आधी, आकडा मागून. आणि आपण तरी काय करतो? सन १६७४, शके १५९६. ‘१५९६ शके’ असं कुणी म्हणत नाही. जे तोंडात बसलेलं होतं, तेच क्लिंगॉन लिहायला बसल्यावर विसरलो होतो.

ते उलटवलं, पण मराठी खोड गेली नाही. ‘साली’मधला सप्तमीचा भाव आणायला डिषला ‘डाक’ प्रत्यय जोडला. मित्राने नुसते हसरे चेहरे पाठवले. कारण डिष म्हणजे गुहासुद्धा, आणि डाक फक्त जागेला लागतो. वेळ सांगणारे शब्द वाक्याच्या तोंडाशी येतात, तेही बोडके. मी लिहून बसलो होतो, ‘गुहा क्रमांक १५९६मध्ये’.

भाचीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, मग कान्हेरी!" तिच्या घरापासून नॅशनल पार्क जवळ, म्हणून रविवारी गेलो. तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात, त्या मोठ्या चैत्यगृहात उभा राहून मी ‘डिष वेज’ म्हटलं. तिसरी गुहा किंवा तिसरं वर्ष, काय हवं ते घ्या. मग वर चढून ९०व्या लेण्यात गेलो. तिथे पारशी मंडळींनी पहलवीत, म्हणजे जुन्या इराणी भाषेत, कोरलेल्या नोंदी आहेत. त्यातलं एक साल यज्दगर्दी ३७८, म्हणजे इ.स. १००९. हा शक इराणचा राजा यज्दगर्द याच्या राज्यारोहणापासून, ६३२पासून मोजतात. आपला राजशकही राज्याभिषेकापासूनच.

माझी गाठ तिथेच, घाम पुसता पुसता सुटली. शालिवाहनाचं क्लिंगॉन कशाला शोधत बसायचं? मंडळाला तारीख राज्याभिषेकाची हवी आहे, तर राजशक पहिलाच लिहावा. ‘बोव’ म्हणजे युग. ज्याचं ते युग, त्याचं नाव आधी, षष्ठीचा प्रत्यय वगैरे काही नाही. सम्राटाला ‘ता’’ म्हणतात, आणि हुद्दा नावामागून येतो, आपल्या ‘महाराज’सारखा. याचा मला फार दिलासा वाटला, कारण नुसतं नाव लिहायला हात धजत नव्हता. क्लिंगॉनमध्ये श नाही, ष वर भागवावं लागलं.

एक खुसपट उरलं होतं. शब्दकोशातलं डिष हे क्लिंगॉन वर्ष आहे. आपलं वर्ष हवं तर आधी ‘तेरा’’ म्हणजे पृथ्वी जोडायची. शेवटी पट्टी अशी झाली:

षिवाजी ता’ बोव तेरा’ डिष वा’

(राज्याभिषेकाआधीचा काळ हवा असता तर ‘काषपा’ बोव’, म्हणजे युग घडण्याआधी. यात कर्ता क्रियापदाच्या मागून येतो. मंडळाने तेवढं मागितलं नाही, मीही सुचवलं नाही.)

प्रदर्शनाच्या सकाळी भाचीचा फोन. "मामा, सर विचारतायत, पहिलं वर्ष आहे तर हे तेरा कुठून आलं?"

"तेरा म्हणजे पृथ्वी गं."

पलीकडे कुजबुज झाली. "सर म्हणतायत राहू दे, तिथी त्रयोदशीच आहे."